वाडा बघायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन मी पुण्याच्या पेठांमधले वाडे दाखवत हिंडतो. फी नाही, चहा ज्याचा त्यानं प्यायचा. दर वेळी प्रश्न तेच येतात आणि निम्मी उत्तरं बाजीराव रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये विरून जातात. म्हणून ती एकदाची लिहून काढली. मी वास्तुतज्ज्ञ नाही. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, पहिल्या चौकाच्या माडीवर, भाड्याच्या तीन खणांत लहानाचा मोठा झालो, एवढीच माझी पात्रता.

वाडा म्हणजे मोठं घरच ना?

आकारावर जाऊ नका. वाडा ओळखायचा तो चौकावरून. मध्ये उघडं आभाळ आणि चारही बाजूंनी त्याच्याकडे तोंड करून बसलेल्या ओसऱ्या आणि खोल्या. रस्त्याकडे वाड्याची पाठ असते. बाहेरून दिसते ती जाड भिंत, एक दणकट दरवाजा आणि ऐपत असेल तर वरच्या मजल्यावर लाकडी सज्जा. बंगल्याचं नेमकं उलटं असतं. बंगला मध्ये उभा राहतो आणि बाग भोवती पसरतो. वाड्यात मोकळी जागा मध्ये आणि घर भोवती.

एका चौकाचे वाडे कारकून, भिक्षुक, छोटे सावकार यांचे. दोन-तीन चौक आले की समजायचं, मालक सरदार नाहीतर बडा सावकार. त्यापुढचं म्हणजे पेशवे.

इतके चौक लागायचे कशाला?

याचं उत्तर चालत चालत द्यायला मजा येते, पण लिहून बघतो.

मोठ्या दरवाजाला एक छोटा दरवाजा असतो, ती दिंडी. रोजची ये-जा तिच्यातून, तीही वाकून. आत शिरलं की दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांनी बसायच्या जागा. मग पहिला चौक. इथे सदर, कचेरी, हिशेबाच्या वह्या, कामासाठी ताटकळलेली माणसं. परका माणूस इथवरच. वर माडीवर दिवाणखाना, तिथे बोलावणं असेल तरच. दुसऱ्या चौकाभोवती माजघर, देवघर, कोठीघर, बाळंतिणीची खोली. हा बायकांचा आणि घरच्यांचा चौक. त्याच्याही मागे स्वयंपाकघर, आड, न्हाणी, गोठा आणि परसू.

म्हणजे चौक म्हणजे एकामागे एक लावलेल्या चाळण्या. कोण कुठल्या चौकापर्यंत येऊ शकतो, यावर त्या माणसाची जात, नातं आणि दर्जा कळायचा. सोवळ्याचं स्वयंपाकघर सगळ्यात आत का, आणि शेतखान्याला, म्हणजे संडासाला, बाहेरून वेगळा बोळ का, हे त्यातच आलं. सफाई करणाऱ्या माणसाला मुख्य दरवाजा ठाऊकच नसायचा. तो मागच्या बोळातून यायचा आणि तिथूनच जायचा. वाड्याचं कौतुक करताना हा बोळ मी मुद्दाम दाखवतो. काही लोकांना ते आवडत नाही.

हवेचा हिशोबही त्यातच बसवलेला आहे. उन्हाळ्याच्या दुपारी चौकातली गरम हवा वर निघून जाते आणि ओसरीच्या सावलीतली, दिंडीच्या अंधारातली गार हवा आत ओढली जाते. आमच्या चौकात मे महिन्यातही दुपारी दोन वाजता ओसरीवर झोप लागायची. वर माडीवर मात्र कौलं तापायची, तिथे नाही.

‘तीन खणांचं बिऱ्हाड’ म्हणजे किती चौरस फूट?

हा प्रश्न हमखास येतो आणि याचं उत्तर फुटांत देता येत नाही. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. तो किती रुंद, हे तुळईच्या लाकडावर ठरतं. लांब, सरळ सागवान मिळालं तर खण ऐसपैस, नाहीतर बेताचा. आमचा खण माझ्या शाळकरी पावलांनी सहा पावलांचा होता. आज मोजला तर चारच भरतील.

पण वाडा समजायचा असेल तर खण समजलाच पाहिजे. वाडा भिंतींवर उभा नसतो. उभा असतो लाकडी सांगाड्यावर. खाली घडीव दगडाचा तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे हात पसरल्यासारखा हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्यांचं पाटण आणि वर मातीचा थर. भिंत या सांगाड्यात नंतर भरतात. त्यामुळे खोली मोठी करायची तर मधली भिंत काढा, लहान करायची तर नवी घाला. सांगाडा हूं की चूं करत नाही. सगळा वाडा एकाच मापाच्या ठोकळ्यांचा असतो. सरदाराला दहा खणांचा दिवाणखाना हवा, दहा खण घ्या. शिक्षकाला दोन खणांत संसार मांडायचाय, दोन घ्या.

माझं स्वतःचं मत असं की पुण्याला अपार्टमेंट कुणी शिकवलंच नाही. ते खणाच्या रूपात आधीपासून इथे होतं. फक्त भाडेपावती यायची बाकी होती.

मग भिंती कशाच्या?

जोतं काळ्या घडीव दगडाचं, माणसाच्या कमरेएवढं किंवा त्याहून उंच. त्यावर श्रीमंताकडे चपट्या भाजक्या विटा, चुन्यात बांधलेल्या. बाकीच्यांकडे पांढऱ्या मातीचे भेंडे, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा. वर मातीचा किंवा चुन्याचा गिलावा. चुना घाणीत मळायचा: गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, ते ओढायला बैल. चुना चिकट व्हावा म्हणून त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असं काय काय घालायचे.

शनिवारवाड्याला सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून आला, असं सांगतात. म्हणजे आजच्या ट्रकवाल्यांचेच रस्ते, फक्त बैलगाडीच्या वेगानं.

भिंती हातभर जाड असल्यामुळे त्यात कोनाडे, फडताळं, खुंट्या, एखादा चोरकप्पा हे सगळं मावतं. पेठेत वाढलेल्या माणसाला फर्निचरची सवय उशिरा लागते, त्याचं कारण हे.

श्रीमंती दिसायची कुठे?

लाकडात. बाहेरून वाडा बराचसा मुका असतो. दिवाणखान्यात गेलं की तोंड उघडतो. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब बघा. खाली फुगीर, वर निमुळते होत गेलेले, पायाशी पानांची नक्षी. मुघल इमारतींमध्ये हा खांब दगडात दिसतो, पुण्यातल्या सुतारांनी तो सागवानात उतरवला. दोन खांबांमध्ये महिरप, पाकळ्यापाकळ्यांची. आणि महिरपीच्या मधोमध खाली लोंबणारं केळफूल.

या महिरपींचं एक गुपित आहे. दगडी कमान भार पेलते. ही लाकडी महिरप काहीही पेलत नाही. भार वरच्या तुळईवर असतो. महिरप म्हणजे कोरलेल्या फळ्या, खांबांच्या मधे बसवलेल्या. बोटानं टकटक करून बघा, पोकळ आवाज येईल. (लोक राहत असलेल्या वाड्यात टकटक करू नका.)

बाकी थाट म्हणजे हंड्या-झुंबरं, बिलोरी आरसे, तक्तपोशी (लाकडी फळ्यांचं छत), भिंतींवर रंगवलेली चित्रं आणि चौकात कारंजं. दरवाजाच्या वर गणेशपट्टी मात्र गरीब-श्रीमंत सगळ्यांकडे.

पाणी कुठून यायचं? मुळा-मुठेतून?

थोडं नदीचं, बरंचसं आडाचं, आणि नशीबवानांना कात्रजचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणायचं काम सुरू झालं. पंप नाही, चाक नाही, नुसता उतार. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, म्हणजे नळातली हवा कोंडू नये आणि गाळ काढायला माणूस उतरू शकावा. पाणी शनिवारवाड्यात आणि पेठांमधल्या हौदांत पडायचं. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली तर तो बरोबर नेऊन सोडतो. हौद दिसेलच याची खात्री नाही.

वाड्यात खरंच भुयार असतं का? थेट पर्वतीपर्यंत?

तळघर असतं. धान्य, गूळ, तूप आणि अडीअडचणीला दागिने ठेवायला. पर्वतीला जाणारं भुयार प्रत्येक वाड्यातल्या प्रत्येक पोरानं ऐकलेलं असतं आणि एकानंही पाहिलेलं नसतं. जमिनीखालून माणूस चालू शकेल अशी वाट खरोखर होती ती कात्रजच्या नळाची. गोष्टींचं मूळ बहुधा तिथेच असावं.

शनिवारवाड्यात तर आत काहीच नाही. पैसे खर्चून बघायचं काय?

जोती बघायची. हे ऐकून लोक नाराज होतात, पण तेच खरं.

१० जानेवारी १७३० ला थोरल्या बाजीरावानं पायाभरणी केली, तो शनिवार होता. २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. तट, बुरूज आणि आतली बरीच भर नंतरच्या पेशव्यांनी घातली. १८१८ ला पेशवाई संपली आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली. ती सात दिवस जळत होती, म्हणतात. वर लाकडाच्या सांगाड्याबद्दल लिहिलं ते आठवा, म्हणजे सात दिवस जळायला आत काय होतं ते कळेल. आग लाकूड खाऊन गेली आणि दगड ठेवून गेली.

म्हणून आज जे दिसतं तो खरा तर एक भलामोठा नकाशा आहे, जमिनीवर दगडात काढलेला. या जोत्यावरून त्या जोत्यावर चाला, चौक कुठे संपतो, ओसरी कुठे सुरू होते, हे पायाला कळतं. मधेमधे तळखडे दिसतील; प्रत्येकावर एक खांब होता. हजारी कारंजाच्या सोळा पाकळ्या बघा आणि मग दिल्ली दरवाजाच्या वरच्या नगारखान्यात जा. तिथलं लाकूडकाम आगीतून वाचलेलं आहे. जळालेला वाडा आगीआधी कसा दिसत असेल, याचा अंदाज तिथे येतो. दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर का, हे पोरांना विचारा. ती बरोबर सांगतात.

‘काका मला वाचवा’ कुठल्या कोपऱ्यातून ऐकू येतं, हा प्रश्न मी घेत नाही. नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला, एवढं पुरे.

धड उभा असलेला पेशवाई वाडा बघायचा तर कुठला?

विश्रामबागवाडा. बाजीराव रस्त्यावर आहे, रोज हजारो माणसं त्याच्यासमोरून जातात आणि दहातला एकही वर बघत नाही.

दुसऱ्या बाजीरावाला शनिवारवाड्यात चैन पडत नसावी. त्यानं शहरात आणखी वाडे बांधले आणि हा त्यातला सगळ्यात देखणा. १८०७ च्या सुमाराचा, खर्च दोन लाख. म्हणजे शनिवारवाड्याच्या मूळ खर्चाच्या बारापट. पणजोबा आणि पणतू नसले तरी आजोबा-नातवाच्या हिशोबवहीत एवढा फरक पडावा, हे बोलकं आहे. आजोबा घोड्यावर राज्य वाढवत होते, नातू सज्जावर कोरीवकाम करून घेत होता. (असं म्हटलं की आमच्या गटात हमखास वाद पेटतो. पेटू द्या.)

समोरच्या फुटपाथवर उभं राहून वरचा सज्जा बघा. सुरूचे खांब, महिरपी, खालच्या बाजूला कोरलेली पानंफुलं. मग आत. इथे तीन चौक आहेत आणि वरच्या मजल्यावर लांबलचक दरबार दालन. दोन्ही बाजूंना सुरूच्या खांबांची रांग. सकाळी साडेदहाच्या सुमारास तिरपं ऊन त्या खांबांवर पडतं, त्या वेळेला पोचायचा प्रयत्न करा.

पेशवाई गेल्यावर या वाड्याला विश्राम असा मिळालाच नाही. १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली, रमण्यात विद्वान ब्राह्मणांना वाटायच्या दक्षिणेसाठी पेशवे जो पैसा खर्चायचे त्याच्यातून. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज झालं. मे १८७९ मध्ये शहरात जाळपोळ झाली. बुधवार वाडा पुरता जळाला, विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग गेला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस, त्यामुळे शहरात कुजबूज काय झाली असेल ते सांगायला नको. जळका भाग पुन्हा बांधला गेला. १९३० पासून पुढची बरीच वर्षं आधी नगरपालिकेचा आणि मग महापालिकेचा कारभार इथून चालला. टपाल कचेरी, ग्रंथालय, प्रदर्शन हे सगळं या वाड्यानं पोटात घेतलं.

म्हणून वाचला. रिकामा वाडा पाच पावसाळे काढत नाही. ज्या वाड्यात कुणीतरी रोज झाडू मारतं आणि गळणाऱ्या कौलाबद्दल तक्रार करतं, तो टिकतो.

सरदारांच्या वाड्यांत भाडेकरू शिरले कसे?

शिरले नाहीत, त्यांना बोलावलं. १८१८ नंतर सरदारांच्या फौजा गेल्या, कचेऱ्या गेल्या, पागेतले घोडे गेले. वाडा मात्र तेवढाच उरला आणि त्याची डागडुजी दर पावसाळ्याला तितकीच. तेवढ्यात पुण्यात शाळा, कॉलेजं, छापखाने, सरकारी नोकऱ्या आल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं येऊ लागली. एकीकडे रिकामे खण, दुसरीकडे डोक्यावर छप्पर शोधणारी माणसं.

संस्थाही वाड्यांतच जन्मल्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात. फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये सुरू झालं ते शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात. लोकमान्य टिळक सदाशिव पेठेतल्या विंचूरकर वाड्यात राहायचे, तिथेच त्यांचा कायद्याचा क्लास. विवेकानंद १८९२ मध्ये त्यांच्याकडे उतरले ते याच वाड्यात. पुढे १९०५ मध्ये टिळकांनी नारायण पेठेतला गायकवाड वाडा घेतला, तोच आजचा केसरीवाडा.

सर्वसामान्य बिऱ्हाडकरूंसाठी मालकांनी काय केलं, तर खणाखणांत पार्टिशनं घातली. आमची खोली म्हणजे जुन्या दिवाणखान्याचा तुकडा. पार्टिशन नेमकं एका महिरपीच्या मधून गेलं होतं आणि जाताना केळफुलाला उभं कापून गेलं होतं. अर्धं केळफूल आमच्याकडे, अर्धं पलीकडच्या काकूंकडे. दिवाळीच्या आधी आई आपला अर्धा भाग ओल्या फडक्यानं पुसायची, पलीकडून काकूंच्या फडक्याचा आवाज यायचा. एकदा आईनं उत्साहानं आमच्या अर्ध्या भागाला पोपटी तेलरंग दिला. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत.

पूर्वीच्या चाळण्या मात्र गेल्या. पहिल्या चौकात सायकली, दुसऱ्यात नळकोंडाळं, देवडीत इस्त्रीवाला, पागेत दोन कुटुंबं. शेतखाने तेच आणि तेवढेच, रांग मात्र पंचवीस माणसांची.

भाडं अजूनही दहा-वीस रुपये कसं काय?

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यामुळे. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते प्रमाण धरलं गेलं आणि तिथेच गोठलं. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर काढू नये, हा हेतू चांगला होता. पण कौलाचा, सागवानाचा, गवंड्याचा भाव गोठला नव्हता. मग मालकानं दुरुस्ती बंद केली, भाडेकरूनं ‘एवढ्या भाड्यात आणखी कुठे जाऊ’ म्हणत जागा धरून ठेवली आणि जागा हातोहात जाताना चिठ्ठीशिवाय पागडी, म्हणजे जागेच्या ताब्यासाठी एकरकमी पैसे, सुरू झाली. नवा कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं पागडीला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मंजूर केली. दहा रुपये दरसाल चार टक्क्यांनी वाढवत नेले तर पंचवीस वर्षांनी सत्तावीसही होत नाहीत. हिशोब करून बघा.

मालक वाईट की भाडेकरू वाईट, हे मला विचारू नका. आमच्या मालकीणबाई दर महिन्याला पावती फाडताना ‘शाईचेही पैसे सुटत नाहीत’ म्हणायच्या. वर पाऊस गळायचा तिथे आम्ही पातेलं ठेवायचो. दोघांचंही खरं होतं.

वाडे नेमके कधी संपले?

तारीखच हवी असेल तर १२ जुलै १९६१. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं. दगडी जोतं आणि सागवानी खांब पाण्याला पुरून उरतात. मधले मातीचे भेंडे मात्र भिजले की पुन्हा माती होतात. आई सांगायची, नारायण पेठेत पाणी ओसरल्यावर कित्येक वाडे नुसते हाडांचे सापळे झाले होते. खांब आणि तुळया जागच्या जागी, भिंती गायब. दुसऱ्या मजल्यावरच्या खुंटीला कुणाची तरी टोपी तशीच.

पण मी तारीख एकच धरत नाही. १९६० मध्ये महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा, १९६१ ला पूर, १९६३ मध्ये ओनरशिप फ्लॅटचा कायदा. या तीन-चार वर्षांत पुणेकराला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर दोन खोल्या, आतच संडास आणि सिमेंटचा स्लॅब मिळायची सोय दिसली. ज्याला शक्य झालं तो गेला. जुन्या घराच्या आठवणीनं गहिवरणारे बहुतेक लोक सगळ्यात आधी गेलेले आहेत, आमच्यासकट.

हेरिटेज यादीत असलेला वाडा पाडता येतो का?

यादीत श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत जवळजवळ काहीच हलवता येत नाही, तिसरीत बरंच काही चालतं, आणि यादीबाहेरच्या वाड्याला तर विचारणारं कुणी नाही. मालकाची अडचणही खरी आहे. पेठेतली जागा अरुंद आणि लांब, दोन्ही बाजूंचे शेजारी भिंतीला भिंत लावून. नव्या इमारतीला चारही बाजूंनी अंतर सोडायचं म्हटलं तर मध्ये जिन्यापुरतीच जागा उरते. म्हणून शेजारचे तीन-चार वाडे एकत्र करून बांधायची कल्पना येते आणि तीन-चार मालक, त्यांचे भाऊबंद आणि वीसेक भाडेकरू एका कागदावर सही करतील म्हणून सगळे थांबून राहतात. तोवर पावसाळा आपलं काम करतो.

भिडे वाड्याचं सांगायचं तर तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला, स्मारकासाठी. कोर्टात बरीच वर्षं गेली होती आणि शेवटी वाडा वाचवण्याजोगा उरलाच नव्हता.

पाडलेल्या वाड्याचं लाकूड कुठे जातं?

जुन्या बाजारात. खांब हॉटेलात, दरवाजे फार्महाऊसला, केळफुलं दिवाणखान्यातल्या दिव्यांना. खिळ्यांऐवजी खाचा आणि कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) यांवर जोडलेलं असल्यामुळे ते सुटंही होतं आणि पुन्हा जुळतंही. याचा सगळ्यात चांगला उपयोग बघायचा असेल तर शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालयात जा. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून काकासाहेब केळकरांनी तो दिवाणखाना तिथे उभा केला आहे.

एका सकाळीत काय काय होईल?

मेट्रोनं कसबा पेठ स्थानकाला उतरा. शनिवारवाडा, तिथून जवळच नाना फडणविसांचा नानावाडा, मग चालत केसरीवाडा, शेवटी विश्रामबागवाडा. वेळ उरला तर केळकर संग्रहालय आणि परत जाताना मंडई स्थानक. लाल महालही वाटेत आहे, पण आज दिसतो तो महापालिकेनं अलीकडे बांधलेला, जुना समजून फोटो काढू नका. वेळा आणि सुट्ट्या आदल्या दिवशी बघून घ्या. दुरुस्तीसाठी एखादं दालन बंद असणं ही नित्याचीच गोष्ट.

लोक राहतात अशा वाड्यात शिरलं तर चालेल?

विचारून. दिंडीशी उभं राहून ‘येऊ का आत?’ म्हणा. एक आजी येतील, कुठल्या गावचे, आडनाव काय, हे विचारतील आणि मग स्वतःच चौक दाखवतील. न विचारता मोबाइल वर धरून शिरलात तर त्याच आजी तुम्हाला जे ऐकवतील ते मी इथे लिहू शकत नाही. दुपारी एक ते चार अजिबात नाही.

तुमचा वाडा बघता येईल का?

तो पाडून आता पंधरा वर्षं होतील. जागी सहा मजली इमारत आहे, नावात ‘वाडा’ हा शब्द राखलाय. चौकाच्या जागी पार्किंग. पाडकाम चाललं होतं तेव्हा मी केळफुलाचा आमचा अर्धा भाग मागायला गेलो होतो, पण ठेकेदारानं आदल्याच दिवशी सगळं लाकूड उचललं होतं. दोन तळखडे मात्र कुणी नेले नाहीत, जड म्हणून. एक फाटकाला टेकू लावलाय, वाऱ्यानं मिटू नये म्हणून. दुसऱ्यावर वॉचमन बसतो. तो जेवायला गेला असेल तर वाकून बघा, वरच्या बाजूला खांबाच्या कुसवाची चौकोनी खाच आहे. त्यात तो विड्या विझवतो.